गंधर्वनगरी नव्हे : टोल्किनच्या एका एल्फ-नगराविषयी

१

आकाशात ढगांच्या रचनेतून क्षणभर भासणारे आणि पाहता पाहता विरून जाणारे नगर, या अर्थाने ‘गंधर्वनगरी’ हा शब्द संस्कृतातून मराठीत आला आणि पुढे तो कोणत्याही मनोराज्यासाठी रूढ झाला. अद्भुताच्या आधाराने उभ्या केलेल्या साहित्यकृतींविषयी बोलताना आपली समीक्षा हा शब्द प्रत्यक्ष उच्चारते असे नाही. परंतु तिचा पवित्रा बहुधा या शब्दातूनच आलेला असतो. जे अस्तित्वात नाही ते रचले, म्हणून त्याचे उत्तरदायित्व कशाशीच नाही, म्हणून त्याचे मूल्य रंजनापुरते, अशी ही अनुमानांची साखळी आहे. प्रस्तुत लेखात या साखळीची पहिली कडीच तपासून पाहावयाची आहे. त्यासाठी जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या बृहत्कादंबरीतील कारास गालाधोन हे एल्फांचे लहानसे वृक्षनगर उदाहरणादाखल घेतले आहे.

या लेखनाला एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी संशोधनविषयांच्या निश्चितीसाठी भरलेल्या एका बैठकीस उपस्थित राहण्याचा प्रसंग आला. एका विद्यार्थिनीने कथनात्मक साहित्यातील काल्पनिक नगरे हा विषय मांडला होता आणि तिच्या आराखड्यात टोल्किनचे हे नगर होते. बैठकीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तिला विचारले, “या तुमच्या नगरात धान्य कोण पिकवतो?” हशा पिकला, आणि विषय बदलून आणावा अशी सूचना होऊन प्रकरण संपले. त्या हशात मीही सामील होतो, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. पुढे विचार करता असे वाटू लागले की, प्रश्न अगदी योग्य होता. तो उत्तर मिळविण्यासाठी न विचारता विषय मिटविण्यासाठी विचारला गेला, एवढीच चूक झाली. म्हणून तो प्रश्न येथे पुन्हा घेतला आहे. त्याच्या उत्तराकडे मात्र क्रमाने जावे लागेल.

२

टोल्किन (१८९२-१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे आणि पुढे इंग्रजी भाषा व साहित्याचे प्राध्यापक होते. त्यांच्या कल्पित विश्वात एल्फ हा मानवांच्या आधी पृथ्वीवर आलेला समाज आहे. एल्फ शस्त्राने मारले जाऊ शकतात, पण ते म्हातारे होऊन मरत नाहीत; जग असेपर्यंत ते जगाशी बांधलेले आहेत. मानवाला मरण आहे, आणि टोल्किनच्या विश्वात ते शाप नसून देणगी मानले गेले आहे. या दोन नियतींमधील ताण हा त्यांच्या सर्व लेखनाचा पाया आहे.

कारास गालाधोन हे लोथ्लोरिएन नावाच्या वनप्रदेशाचे केंद्र. एका टेकडीभोवती खोल खंदक, त्याच्या आतील बाजूस हिरवा तट, उत्तरेकडून येणाऱ्या पांथस्थाला थेट प्रवेश नाही; खंदकाच्या कडेने पांढऱ्या दगडांच्या रस्त्यावरून वळसा घालून दक्षिणेकडे यावे, पूल ओलांडावा, तेव्हा दरवाजा लागतो. आत उंच मॅलॉर्न वृक्ष आहेत आणि वस्ती त्यांच्या फांद्यांवर बांधलेल्या मचाणांवर आहे. झाडांतून हिरवे, सोनेरी, रुपेरी दिवे लुकलुकतात. सर्वांत मोठ्या वृक्षावर, खोडाला मधोमध घेऊन बांधलेल्या दालनात नगराचे स्वामी केलेबोर्न आणि गॅलाड्रिएल बसलेले असतात.

या वर्णनातील एका तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. मॅलॉर्न वृक्षाची पाने शरदात सोनेरी होतात, पण गळत नाहीत. हिवाळाभर ती झाडावरच राहतात आणि वसंतात नवी पालवी फुटली म्हणजे गळून वनाची भूमी सोन्याची करतात. कथेतील प्रवासी येथे येतात ते जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे जुनी पाने फांद्यांवर टिकून असण्याच्या दिवसांत. वरवर पाहता हा निसर्गवर्णनातील एक मनोहर विशेष आहे. परंतु संपूर्ण नगराचे आशयसूत्र या वृक्षात साठविलेले आहे. पिकलेले पान गळू न देता धरून ठेवणारे झाड आणि सरलेला काळ सरू न देता धरून ठेवणारे नगर, ही एकाच कल्पनेची दोन रूपे होत.

३

अमानुषांच्या प्रदेशात काळाची गती निराळी असते, ही कल्पना जगातील अनेक परंपरांत आढळते. आयर्लंडच्या कथेतील ओशीन चिरतारुण्याच्या भूमीतून परततो तेव्हा येथे तीनशे वर्षे उलटलेली असतात. आपल्या विष्णुपुराणातील रैवत ककुद्मी आपली कन्या रेवती हिला घेऊन वर विचारण्यासाठी ब्रह्मलोकी जातो. तेथे गंधर्वांचे गायन चालू असते. ते संपेपर्यंत तो थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर कित्येक युगे लोटतात. परतल्यावर त्याची कुशस्थली उरलेली नसते. तिच्या जागी द्वारका उभी असते. अशा कथांत काळाचे दोन वेगवेगळे प्रवाह असतात आणि एकातून दुसऱ्यात येणाऱ्याला त्या फरकाची किंमत मोजावी लागते.

टोल्किननेही आरंभी हाच मार्ग विचारात घेतला होता. क्रिस्टोफर टोल्किन यांनी संपादित केलेल्या ‘द ट्रीझन ऑफ आयझेनगार्ड’ (१९८९) या खंडातील कच्चे खर्डे पाहिले की, लोथ्लोरिएनमधील काळ बाहेरच्या काळाशी जुळवावा की न जुळवावा याविषयी लेखकाने किती उलटसुलट विचार केला होता हे ध्यानात येते. अंतिम संहितेत मात्र पंचांग एकच आहे. आठ प्रवासी १७ जानेवारीस नगरात येतात आणि १६ फेब्रुवारीस निघतात. महिनाभराचा मुक्काम बाहेरही महिनाभराचाच भरतो. पुढे नदीवरून जाताना सॅम चंद्रकोर पाहून गोंधळतो, त्याला मधला महिना आठवतच नाही, आणि त्यावरून सोबत्यांत चर्चा होते. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे कथितकाळ महिनाभराचा असून कथनकाळ आगमनाच्या पहिल्या दिवसांपुरता आणि निघण्यापूर्वीच्या तीन दिवसांपुरता आहे. मधले आठवडे काही वाक्यांत ओलांडले जातात. पात्रांना झालेला विस्मृतीचा अनुभव वाचकालाही कथनाच्या गतीतून येतो. व्हर्लिन फ्लीगर यांनी ‘अ क्वेश्चन ऑफ टाइम’ (१९९७) या ग्रंथात या प्रश्नाचा तपशीलवार ऊहापोह केला आहे. आपल्या विवेचनापुरता मुद्दा असा की, टोल्किनने नगराला पंचांगाबाहेर जाऊ दिले नाही. ते आपल्याच जगात, आपल्याच तारखांत उभे आहे. मग तेथे काळ थांबल्याचा अनुभव का येतो? कारण कोणीतरी तो थांबवून धरला आहे.

हे कसे घडले, याला कथाविश्वात एक इतिहास आहे. दुसऱ्या युगात एरेगिओन प्रदेशातील ओस्त-इन-एधिल या कारागिरांच्या नगरात एल्फांनी सत्तेच्या मुद्रिका घडविल्या. ती विद्या त्यांना वेषांतर करून आलेल्या सौरॉनने शिकविली होती. केलेब्रिंबोरने स्वतंत्रपणे घडविलेल्या तीन मुद्रिकांना सौरॉनचा हात लागला नव्हता. परंतु ज्या विद्येने त्या घडल्या तीच मुळात त्याच्याकडून आल्यामुळे त्याही त्याच्या एका मुद्रिकेशी बांधल्या गेल्या. या तिहींचे सामर्थ्य युद्धाचे नव्हते. जे आहे ते निष्कलंक राखणे, जीर्णता रोखणे, हे ते सामर्थ्य. त्यांपैकी एक गॅलाड्रिएलच्या बोटात आहे. तिच्या नगरातील अम्लान सौंदर्य त्या मुद्रिकेचे आहे, म्हणजे अंतिमतः शत्रूच्या विद्येचेही आहे.

टोल्किनने १९५१ च्या सुमारास प्रकाशक मिल्टन वॉल्डमन यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात आणि १९५४ मध्ये नेओमी मिचिसन यांना लिहिलेल्या पत्रात याविषयी स्पष्ट मत दिले आहे. पश्चिमेकडील दिव्य भूमीचे सुख एल्फांना हवे होते आणि मर्त्य भूमीवरील आपले श्रेष्ठत्वही सोडवत नव्हते. म्हणून ते बदलाला थोपवू लागले. प्रेताला मसाले भरून टिकविणाऱ्यांची उपमा लेखकाने त्यांना दिली आहे. स्वतः निर्माण केलेल्या सर्वांत सुंदर नगराविषयी निर्मात्यानेच असा निवाडा द्यावा, ही गोष्ट पलायनवादी म्हणून हिणविल्या गेलेल्या साहित्यप्रकारात अनपेक्षित वाटेल. मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा आपण गतकाळाच्या हळव्या आळवणीसाठी वापरतो. लोथ्लोरिएन हे स्मरणरंजनाचे नगर आहे खरे. पण ते आळविणारी संहिताच त्या स्मरणरंजनाची चिकित्साही करते.

४

ही चिकित्सा कथेत ज्या प्रसंगी मूर्त होते तो प्रसंग गॅलाड्रिएलच्या आरशाचा. सौरॉनची मुद्रिका नष्ट करण्यासाठी निघालेला फ्रोडो ती मुद्रिका तिला देऊ करतो. तिच्यापुढे असलेली निवड नीट पाहिली पाहिजे. फ्रोडो अयशस्वी झाला तर शत्रू येऊन तिचे नगर उद्ध्वस्त करील. तो यशस्वी झाला तर एका मुद्रिकेबरोबर तिन्ही मुद्रिकांचे बळ संपेल आणि नगर काळाच्या ओघात ओसरून जाईल. नगर वाचण्याचा तिसरा मार्ग म्हणजे मुद्रिका स्वतः घेणे. मग नगर राहील, पण त्याची राणी दुसरी सौरॉन होईल. ती नकार देते. आपले नगर नाहीसे होणार हे जाणून ती त्या नाहीसे होण्याच्या बाजूने उभी राहते, आणि पाहुण्यांना नावा, दोर, अंगरखे व शिदोरी देऊन त्या कार्याला धाडते. शोकात्म जाणिवेची ही रचना कोणत्याही वास्तववादी कादंबरीतील पेचाइतकी कठोर आहे. येथे सोडवणूक करणारा दैवी हस्तक्षेप नाही; जिंकणे आणि गमावणे ही एकच घटना आहे.

याच प्रसंगी गॅलाड्रिएल आणखी एक गोष्ट सांगते. तिच्या लोकांना समुद्रापलीकडे निघून जावे लागेल, अथवा येथेच राहून दऱ्या-गुहांतले एक रानवट, क्षुद्र लोक होऊन हळूहळू विसरावे आणि विसरले जावे लागेल. हे वाक्य भाषाशास्त्रज्ञाचे आहे. ‘एल्फ’ हा शब्द प्राचीन इंग्रजीत आणि उत्तरेकडील नॉर्स वाङ्मयात मानवाच्या बरोबरीच्या, किंबहुना त्याहून प्रबळ अशा योनीचा वाचक होता. शेक्सपिअरच्या आणि त्यानंतरच्या काळात तो फुलाच्या पाकळीत मावणाऱ्या चिमुकल्या जीवांवर येऊन थांबला. मायकेल ड्रेटनच्या ‘निंफिडिया’ (१६२७) या काव्यातील असल्या लघुरूपांविषयीची नापसंती टोल्किनने ‘ऑन फेअरी-स्टोरीज’ या १९३९ मधील व्याख्यानात उघडपणे व्यक्त केली आहे. म्हणजे गॅलाड्रिएल आपल्या लोकांचे जे भविष्य सांगते, ते प्रत्यक्षात त्या शब्दाचा घडून गेलेला इतिहास आहे. नगराचा ऱ्हास आणि अर्थाचा ऱ्हास येथे एक झाले आहेत.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने यातून अनुवादाचा एक प्रश्न उद्भवतो. एल्फ या संज्ञेसाठी मराठीत कोणता शब्द योजावा? ‘परी’ हा फारसीतून आलेला शब्द स्त्रीवाचक आहे आणि लोककल्पनेत पंख लावून बसला आहे. तो वापरला तर गॅलाड्रिएल ज्या अवनतीला भिते ती अवनती पहिल्याच पानावर घडून जाईल. ‘यक्ष’ हा शब्द अधिक वजनदार आहे. शिवाय कालिदासाची अलका आपल्यापुढे आहे. ‘मेघदूता’च्या उत्तरार्धातील त्या नगरीत आनंदाखेरीज अश्रू नाहीत आणि तारुण्याखेरीज वय नाही. परंतु अलकेच्या या सुखाला कोणी किंमत मोजलेली नाही. विरह यक्षाच्या वाट्याला आला आहे, नगरीच्या नव्हे. शाप संपला की तो परत जाईल आणि अलका होती तशीच असेल. कारास गालाधोनला परत येणारा कोणी पुन्हा तेच नगर पाहू शकत नाही. ‘गंधर्व’ या शब्दाने तर नगर आभासात जमा होईल. तेव्हा ‘एल्फ’ हाच शब्द ठेवावा आणि त्याचा अर्थ संहितेला घडवू द्यावा, असे माझे मत आहे. अर्सला ले ग्विन यांनी ‘फ्रॉम एल्फलँड टु पोकिप्सी’ (१९७३) या निबंधात म्हटल्याप्रमाणे अद्भुत कथेला लेखकाच्या दृष्टीखेरीज दुसरा आधार नसतो, आणि ती दृष्टी शैलीतूनच उभी राहते. एक शब्द चुकला तर तेथे केवळ छटा बदलत नाही, भूगोल बदलतो.

५

आता धान्याचा प्रश्न. कारास गालाधोनमध्ये शेत दिसत नाही. फळबागेचा उल्लेख येतो, लेंबास नावाची प्रवासात टिकणारी पोळी येते; परंतु तिचे पीठ कोठून आले, दळले कोणी, याचा पत्ता लागत नाही. बाजार नाही, कर नाही, मूलही दिसत नाही. श्रम अगदीच नाहीत असेही नाही. पाहुण्यांचे अंगरखे स्वतः गॅलाड्रिएल आणि तिच्या सख्यांनी विणलेले आहेत. निरोपाच्या वेळी सॅम दोराची चौकशी करतो, कारण दोर वळण्याचा धंदा त्याच्या घराण्यात चालत आलेला आहे. त्यावर एल्फ म्हणतात की, तुला या कलेची आवड आहे हे आधी कळले असते तर पुष्कळ शिकविता आले असते. हा संवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. महिनाभर गाणी ऐकली गेली, शोक झाला, विश्रांती झाली. एका श्रमिकाची दुसऱ्या कारागिराशी ओळख मात्र निघण्याच्या घटकेला झाली. हा उणेपणा संहितेनेच नोंदविला आहे.

टोल्किनला हा प्रश्न सुचला नव्हता, असेही म्हणता येत नाही. ‘द हॉबिट’ (१९३७) या आधीच्या कादंबरीत मिर्कवुडच्या एल्फ-राजाचे लोक शेतीची वा व्यापाराची फारशी तोशीस घेत नाहीत, हे निवेदक स्पष्ट सांगतो. आणि मग त्यांचे भागते कसे, हेही दाखवितो. दूर देशचे मद्य आणि इतर माल सरोवरावरील मानवांच्या गावातून होड्यांनी येतो, रिकामी पिंपे नदीत सोडून परत पाठविली जातात. त्या पिंपांतूनच बंदिवान बुटक्यांची सुटका होते. म्हणजे कथानकाची एक कळ थेट या अर्थव्यवहारात आहे. लोथ्लोरिएनमध्ये लेखकाने हा व्यवहार दृष्टीआड केला. काळ थोपवून धरणाऱ्या नगरात पेरणी-कापणी दाखविणे त्याला अवघड गेले असावे, कारण शेती म्हणजे ऋतूंच्या फिरण्याला दिलेली संमती होय. हे समर्थन मात्र अर्धेच आहे. ज्याचे श्रम दिसत नाहीत त्याच्या सौंदर्याविषयी वाचकाने साशंक राहावे, हा ज्येष्ठ प्राध्यापकांच्या प्रश्नातील आग्रह येथे मान्य केला पाहिजे.

असेच इतर आक्षेपही आहेत. एडमंड विल्सन यांनी १९५६ मध्ये ‘द नेशन’ या नियतकालिकात ही कादंबरी बालिश ठरविली. मायकेल मूरकॉक यांनी १९७८ मधील ‘एपिक पू’ या निबंधात तिच्यातील दिलासा देणारी, बदलाला भिणारी वृत्ती दाखवून दिली. वंश, रक्त आणि कुल यांना या विश्वात मिळालेले महत्त्व आजच्या, त्यातही आपल्याकडच्या वाचकाला खटकल्यावाचून राहू नये. नगराच्या सीमेवर गिम्ली या बुटक्याचे डोळे बांधण्याचा हुकूम होतो तो प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. केवळ जातीमुळे एकाला वेगळे काढले जात आहे हे पाहून ॲरॅगॉर्न तोडगा सुचवितो की सर्वांचेच डोळे बांधावेत. आणि हे सर्वांत सुंदर वन प्रवासी काही अंतर आंधळ्याने ओलांडतात. एल्फ-रक्षक हाल्दिर स्वतःच कबुली देतो की, शत्रूला विरोध करणाऱ्यांतच आलेला दुरावा ही शत्रूच्या सामर्थ्याची खूण आहे. शुद्धता राखावयाची तर वेस बंद करावी लागते, ही जाणीव येथे आहे. पुढे गॅलाड्रिएल गिम्लीशी त्याच्या भाषेतील स्थलनामे वापरून बोलते आणि तो विरघळतो, हा त्या वेशीवरच्या अपमानाचा परिहार होय. एवढ्याने कुलश्रेष्ठत्वाची चौकट मोडते असे मी म्हणणार नाही. ती शेवटपर्यंत राहते. पण चौकटीला तडा कोठे गेला आहे, हे संहिता लपवीत नाही.

६

मग पलायनवाद ही संज्ञा टाकून द्यावी काय? तसे नाही, ती योग्य जागी लावावी, एवढेच म्हणणे आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या आरंभकाळात ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या कृतींच्या नावाने तीन प्रवृत्ती कल्पिल्या आणि त्यांतील ‘मुक्तामाले’ची प्रवृत्ती रंजनपर मानली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या त्या कादंबरीविषयी (१८६१) हा निर्णय मान्य होण्यासारखा आहे. परंतु आपल्या अध्यापनात त्याचे एक सोपे सूत्र होऊन बसले : अद्भुत म्हणजे रंजन, रंजन म्हणजे पलायन. ‘मुक्तामाला’ दुबळी आहे ती तिच्यातील योगायोगांमुळे वा चमत्कृतींमुळे नव्हे. शेवटी सज्जनांना सर्व काही परत मिळते आणि जगाचे काहीच गमावलेले उरत नाही, म्हणून ती दुबळी आहे. उलट, केवळ वर्तमानपत्री तपशिलांनी भरलेली एखादी वास्तववादी कादंबरीही शेवटी सर्व हिशेब चुकते करून वाचकाला निश्चिंत करू शकते. तीही पलायनच करते. टोल्किनने उपरोक्त व्याख्यानात कैद्याची सुटका आणि रणांगणातून पळणाऱ्या सैनिकाचे पलायन यांत भेद केला होता. त्यात मी एवढेच जोडीन की, हा भेद कृतीच्या आरंभी ओळखता येत नाही. वाट कोठून सुटली यावर तो ठरत नाही. वाटेत काय गमवावे लागले आणि ते गमावणे कृतीने किती खरेपणाने सोसले, यावर ठरतो. १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवरून आजारी होऊन परतलेल्या आणि १९१८ पर्यंत एक वगळता सर्व जिवलग मित्र गमावलेल्या माणसाला गमावणे म्हणजे काय हे कल्पनेने शोधावे लागले नव्हते.

कारास गालाधोनचा शेवट या दृष्टीने दोन ठिकाणी होतो. पहिला परिशिष्टात. चौथ्या युगाच्या १२० व्या वर्षी ॲरॅगॉर्न मरतो. त्याच्यासाठी मर्त्यपण पत्करलेली आर्वेन एकटीच लोथ्लोरिएनला येते. गॅलाड्रिएल केव्हाच समुद्रपार गेलेली आहे, केलेबोर्नही निघून गेला आहे, नगर निर्जन आहे. कोमेजत्या झाडांखाली ती हिवाळ्यापर्यंत राहते. आणि वसंत अजून आलेला नसताना मॅलॉर्नची पाने गळू लागलेली असताना केरिन अम्रोथ या टेकडीवर देह ठेवते. आरंभी सांगितलेला वृक्षाचा नियम येथे मोडला आहे. जी पाने नवी पालवी येईपर्यंत झाड सोडीत नसत, ती आता आधीच गळत आहेत. मुद्रिकेचे बळ संपल्याचे याहून शांत निवेदन संभवत नाही.

दुसरा शेवट त्याआधीच, शंभर मैलांवर नव्हे तर जवळजवळ निम्मे जग ओलांडून, हॉबिटांच्या शायर प्रांतात झालेला असतो. निरोपाच्या वेळी गॅलाड्रिएलने माळी असलेल्या सॅमला आपल्या बागेतील मातीची एक लहान डबी दिली होती. युद्धानंतर तो घरी परततो तेव्हा गावची झाडे गुंडांनी तोडून टाकलेली असतात. सॅम ती माती चिमूट चिमूट करून सर्व प्रांतभर वाटतो, आणि डबीत निघालेले रुपेरी बी गावाच्या माळावर, तोडलेल्या मोठ्या झाडाच्या जागी पुरतो. शायरच्या गणनेतील १४२० सालच्या ६ एप्रिलला तेथे मॅलॉर्न फुलतो. मुद्रिकेने जपलेले वन संपले. एका श्रमिकाने आपल्या मातीत रुजविलेले झाड उरले. आणि ते उरले ते अशा गावात, जेथे धान्य कोण पिकवतो हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्या विद्यार्थिनीने पुढे दुसरा विषय घेतला आणि तो पूर्णही केला. तिचा पहिला आराखडा पुन्हा कोणी मांडला, तर बैठकीत तो धान्याचा प्रश्न अवश्य विचारला जावा. फक्त उत्तर ऐकण्यासाठी थोडा अवधी द्यावा.